पित्ताचा खडा आणि व्यायाम



तुमच्या वर्गाच्या बाईंनी मला निरोप धाडला, "गुरुजी, व्यायामावर चार शब्द बोला." व्यायामावर बोलायला मला तयारी लागत नाही. छत्तीस वर्षे मास्तरकी केली, त्यातली शेवटची काही हेडमास्तर म्हणून. रोज सकाळी पोरांकडून सूर्यनमस्कार घालून घेतले. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात शाळाशाळांतून सूर्यनमस्कार सुरू केले होते, ती हकीकत मी दरवर्षी पोरांना सांगत असे.

पण आज मी व्यायामाची नुसती स्तुती करायला उभा नाही. व्यायामाच्या भरवशावर मी एकदा मोठी चूक केली. माझी सख्खी थोरली बहीण त्यात जायची, ती थोडक्यात वाचली. ते आधी सांगतो. माझे शिक्षण जुन्या अकरावीचे, मॅट्रिक. मी डॉक्टर नव्हे. जे सांगतो ते डॉक्टरांकडून दोन दोन वेळा समजावून घेतलेले आहे.

आमची आक्का इंदापूर तालुक्यात, सणसरच्या बाजूला दिलेली. चार वर्षांपूर्वीची गोष्ट. तिने नवरात्राचे नऊ दिवस कडक उपवास केले. चहा, पाणी, एखादे केळे. दसऱ्याला उपवास सोडला तो पुरणपोळी, भजी, कुरडया आणि वर तुपाची धार. रात्री अकराला पोटात वरच्या बाजूला, उजव्या बरगडीखाली कळ सुरू झाली. कळ पाठीत, उजव्या खवाट्यापर्यंत गेली. घरच्यांनी ओवा दिला, सोडा दिला. शेजारची म्हातारी म्हणाली, बेंबी सरकली. तिने पोट चोळले. दोन अडीच तासांनी कळ थांबली. म्हातारीचे नाव झाले.

पुढे दिवाळीत आक्का भाऊबीजेला माझ्याकडे बारामतीला आली. चकल्या, करंज्या, रात्री मटण. पुन्हा मध्यरात्री तीच कळ. मी म्हणालो, "आक्का, हा वायगोळा आहे. झोपून राहू नको. ऊठ, चाल." अंगणात तिला फेऱ्या घालायला लावल्या. मग सतरंजीवर निजवून गुडघे पोटाशी घ्यायला लावले, पवनमुक्तासन. ती कळवळत होती आणि मी शाळेतल्यासारखे आकडे मोजत होतो. पहाटे तीनला कळ थांबली. मी छाती फुगवून सांगत सुटलो की पोटदुखीवर व्यायामासारखे औषध नाही. पंधरा जणांना तरी सांगितले असेल. त्यांतले तीन चार जण इथेही बसलेले आहेत, आणि म्हणूनच मी इथे येऊन बोलतो आहे.

मार्गशीर्षात तिसरी कळ आली. रात्री भाच्याचा फोन आला. मी फोनवरच सांगितले, "चालव तिला. मागे केलं होतं तेच कर." त्या माउलीने रात्रभर घरात फेऱ्या घातल्या, कारण तिचा भाऊ मास्तर आहे आणि मास्तर खोटे सांगणार नाही. सकाळी तिला हुडहुडी भरून ताप आला. डोळे पाहिले तर हळदीसारखे पिवळे. लघवी गडद, चहाच्या रंगाची. भाच्याने मात्र मला विचारले नाही. गाडीत घातले आणि सरळ बारामतीला आणले. सोनोग्राफी झाली. पित्ताच्या पिशवीत खडे होते, आणि एक खडा पिशवीतून निसटून पित्ताच्या नळीत अडकला होता. तिथून पुण्याला. तोंडावाटे दुर्बिणीची नळी घालून तो खडा काढला. मग काही दिवसांनी पिशवी काढली.

पुण्याचे डॉक्टर वयाने माझ्या मुलाएवढे. ते मला म्हणाले, "गुरुजी, आणखी एक रात्र काढली असती तर काही सांगता आलं नसतं." मी खाली मान घालून उभा राहिलो.

आता हा पित्ताचा खडा म्हणजे काय ते पाहू.

तुम्ही बोकड सोलताना पाहिले असेल. काळजाला चिकटून एक हिरवट पिशवी असते. खाटीक ती जपून काढतो, कारण ती फुटली तर मटण कडू होते. तशीच पिशवी आपल्यालाही असते. उजव्या बरगडीच्या आत यकृत असते, त्याच्या खाली लहान वांग्याएवढी ही पिशवी लोंबते. यकृत पित्तरस तयार करते, पिशवी तो साठवते. आपण तेलातुपाचे खाल्ले की पिशवी आवळते आणि रस नळीवाटे आतड्यात जातो. तेलतूप पचवायला तो लागतो.

इथे एक घोटाळा आहे, तो आपल्या भाषेतलाच आहे. आपण आंबट ढेकर आली की म्हणतो पित्त झाले. अंगावर गांधी उठल्या की म्हणतो पित्त उठले. डोके दुखून उलटी झाली तरी पित्तच. या सगळ्यांचा त्या पिशवीशी संबंध असतोच असे नाही. आंबट पाणी येते ते जठरातले आम्ल. गांधी उठतात तो अंगाच्या वावड्याचा प्रकार. त्यामुळे होते काय, पिशवीत खडा झालेला माणूस वर्षानुवर्षे सोडा पितो आणि म्हणतो, माझी पित्ताची प्रकृती आहे.

खडा कसा होतो, हे आपल्या भागातल्या माणसाला पटकन समजेल. आपल्याकडे माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर असे साखर कारखाने. पाक दाट झाला की त्यात साखरेचा कण धरतो. पाक हलला नाही, तसाच पडून राहिला, की कणावर कण बसून खडीसाखर होते. पित्तरसात कोलेस्टेरॉल नावाचा एक चरबीसारखा पदार्थ असतो. तो प्रमाणाबाहेर झाला आणि पिशवी वेळच्या वेळी रिकामी झाली नाही, तर तिथेही कण धरतो. कणाचा खडा होतो. कुणाचा वाळूएवढा, कुणाचा बोराएवढा. कुणाला एकच, कुणाला पसाभर. काही लोकांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी लवकर फुटतात, त्यांना काळे खडे होतात, त्याचे कारण निराळे आहे.

म्हणूनच फार दिवसांचा उपास इथे नडतो. पोटात काही गेलेच नाही तर पिशवी आवळणार कशाला? रस आत पडून राहतो. आणि नऊ दिवसांनी एकदम तूप ओतले की ती जोराने आवळते. मी देवाधर्माच्या विरुद्ध बोलत नाही, आमच्या घरी घट बसतात. पण ज्याला खडा आहे त्याने लांब उपास धरण्याआधी डॉक्टरला विचारावे.

बायकांना हे दुखणे पुरुषांपेक्षा जास्त होते. बाळंतपणे झालेल्या, चाळिशी उलटलेल्या, अंगाने जाड झालेल्या बायकांना विशेष. आई-मावशीला झाले असेल तर मुलीलाही होऊ शकते. आमची आक्का मला म्हणाली होती, "मी जन्मभर रानात राबले रे, मला कसा खडा झाला?" बरोबर आहे तिचे. राबणाऱ्यालाही होतो. कमी होतो, पण होतो.

आता कळ का येते आणि का थांबते, इथे माझी चूक नीट दिसेल. पिशवी आवळली की एखादा खडा तिच्या तोंडाशी येऊन बसतो. रस्ता बंद. पिशवी जोर करते, कळ चढत जाते. बहुतेक वेळा तास दोन तासांनी, कधी चार तासांनी, पिशवी सैल पडते आणि खडा मागे घरंगळतो. कळ थांबते. ही कळ आपोआपच थांबणारी असते. त्या वेळी ओवा दिला असेल तर ओव्याला मान, बेंबी बसवली असेल तर म्हातारीला मान, आणि अंगणात फेऱ्या घातल्या असतील तर मास्तरला मान. आक्का चालली म्हणून कळ थांबली नव्हती. घड्याळ पुढे गेले म्हणून थांबली होती. आणि मोठे नुकसान असे की कळ थांबली म्हणून दवाखाना राहिला.

खडा मागे न जाता पुढे नळीत गेला की मग खरे संकट. ठिबकच्या नळीत वाळूचा खडा अडकला की काय होते? पुढच्या झाडाला पाणी नाही आणि मागे दाब. इथेही पित्त आतड्यात जात नाही, मागे तुंबते, रक्तात उतरते, डोळे पिवळे होतात. त्याच वाटेवर स्वादुपिंडाचे तोंड आहे, त्याला सूज आली तर माणूस फार आजारी पडतो, दगावतोही.

लोक म्हणतात, "अहो गुरुजी, आमच्या अमक्याचा खडा उड्या मारून पडला. कुळथाचं पाणी प्याला, दोरीवरच्या उड्या मारल्या, टणकन भांड्यात वाजला." वाजला असेल. तो मुतखडा. त्याची वाट निराळी. तो मूत्रपिंडात होतो आणि लहान असला तर लघवीवाटे पडतो. पित्ताचा खडा लघवीतून कधीच पडत नाही. दोन्हींना खडाच म्हणतात, यातून गोंधळ होतो. पित्ताचा खडा उड्या मारून हलवायला जाणे म्हणजे त्याला अरुंद नळीत ढकलायची हौस करणे. उड्यांनी तो तुटत नाही, विरघळत नाही, बाहेर येत नाही.

आणखी एक इलाज मोबाईलवर फिरतो. ऑलिव्हचे तेल आणि लिंबाचा रस वाटीभर प्यायचा, दुसऱ्या दिवशी शौचात हिरव्या गोळ्या दिसतात, लोक म्हणतात खडे पडले. डॉक्टरांनी तशा गोळ्या तपासून पाहिल्या आहेत. ते खडे नसतात. तेल आणि रस मिळून पोटात बनलेला तो साबण असतो. खडा आत जागच्या जागी असतो.

मग व्यायामाचा उपयोग काय? आहे, आणि चांगला आहे. पण तो कळ येण्याच्या आधीच्या वर्षांत.

अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या लोकांनी ४५ हजारांवर पुरुषांची आठ वर्षे नोंद ठेवली. ती १९९८ साली छापली. जे पुरुष चांगली हालचाल करत, त्यांना खड्याचे दुखणे कमी झालेले दिसले. त्यांचा हिशेब असा की आठवड्यातून पाच दिवस अर्धा अर्धा तास दमाचा व्यायाम केला, तर दुखणाऱ्या खड्यांपैकी तिसरा हिस्सा टळू शकतो. पुढच्याच वर्षी त्यांनी नर्सबायांची पाहणी छापली. तिथेही तेच दिसले. ज्या बाया फार वेळ बसून असत, त्यांच्यावर पिशवी काढायची पाळी जास्त आली. तिसरा हिस्सा टळतो, याचा अर्थ दोन हिस्से टळत नाहीत, हेही ध्यानात ठेवा. मास्तर आहे, अपूर्णांक सोडणार नाही.

हालचालीने हे का होते? अंगावर चरबी साठत नाही. रक्तातली साखर आणि चरबी ताळ्यावर राहते. आतडी चालती राहतात. पित्तरसात कोलेस्टेरॉल कमी उतरते. पाक पातळ राहिला तर खडीसाखर धरत नाही, एवढेच.

ऊस तोडणाऱ्या, खुरपणीला जाणाऱ्या बाईला मी "चालायला जा" म्हणणार नाही. तिला विश्रांती हवी आणि पोटभर जेवण हवे. माझे सांगणे दुसऱ्यांना आहे. आपल्याकडे आता पुष्कळ माणसे बसती झाली. मोटार मोबाईलवरून चालू होते. रानात जायचे तर बांधापर्यंत मोटारसायकल. दुकानात बसणारा, कारखान्याच्या ऑफिसात बसणारा, एमआयडीसीच्या गेटवर खुर्ची टाकून बसणारा, आणि माझ्यासारखा पेन्शनवाला. आमचे वडील शेटफळहून इंदापूरच्या बाजाराला पायी जात. आम्ही पानाच्या टपरीपर्यंत गाडी काढतो.

अशांनी चालावे. नीरा डाव्या कालव्याचा भराव आहे, त्यावर सकाळी चाला. काठ धरू नका, मधून चाला, पावसाळ्यात घसरते. किती जोरात? बरोबरच्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतपत. अर्धा तास. सुरुवातीला दहा मिनिटे झाली तरी चालेल. ज्याला सवय आहे त्याने सूर्यनमस्कार घालावे. बायकांना रस्त्यावर संकोच वाटतो, त्यांनी चौघीजणी मिळून निघावे. चौघी असल्या की कुणी काही म्हणत नाही, म्हटले तरी ऐकू येत नाही.

आपण तर पालखीच्या वाटेवरची माणसे. तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर अशी आपल्याच दारावरून जाते. काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण होते, बेलवाडीला घोड्याचे. सत्तरीच्या बाया देहूपासून पंढरपूरपर्यंत चालत जातात. आपल्याला चालणे कुणी परदेशातून येऊन शिकवायला नको. फक्त आषाढातच चालायचे असे कुठे लिहिले आहे?

एक सावधगिरी. वजन उतरवायचे तर सावकाश. आठवड्याला अर्धा किलो, फार तर एक किलो. लग्न जवळ आले म्हणून पोरी जेवण सोडतात, महिन्यात दहा किलो उतरवायला जातात. इतक्या घाईने वजन उतरले तर उलट खडे होतात. चरबी झपाट्याने वितळली की कोलेस्टेरॉल पित्तात जास्त येते आणि पोट रिकामे म्हणून पिशवी आवळत नाही. डाळ, भाकरी, भाजी, फळ, वेळच्या वेळी थोडे थोडे खावे. तेलतूप अगदी बंद करू नये, बेताने घ्यावे.

आणि कळ आली असेल तेव्हा? त्या वेळी व्यायाम नाही. आसन नाही, उड्या नाहीत, पोट चोळणे नाही. खायला काही देऊ नका. माणसाला जसे बरे वाटेल तसे बसू द्या, निजू द्या, आणि डॉक्टरकडे न्या. कळ थांबली तरी सकाळी न्या. पोटाची सोनोग्राफी होते, तिला सुई नाही, टोचणे नाही, दुखत नाही. ताप, हुडहुडी, पिवळे डोळे, न थांबणारी उलटी, किंवा चार पाच तास झाले तरी न उतरणारी कळ, यातले एकही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. १०८ नंबर फिरवा, गाडी फुकट येते. आणखी एक ऐका. हृदयाचे दुखणेही कधी कधी पोटाच्या वरच्या भागात जाणवते. घाम सुटला, छाती दाटली, आणि अशा माणसाला तुम्ही वायगोळा म्हणून अंगणात पळवले, तर तो परत यायचा नाही.

खडा दिसला म्हणजे लगेच ऑपरेशन, असेही नाही. पुष्कळांच्या पोटात खडे असतात आणि जन्मभर दुखत नाहीत. अशांना डॉक्टर बहुधा तसेच राहू देतात. पण एकदा दुखू लागला की तो पुन्हा पुन्हा दुखतो, मग पिशवी काढणे हाच भरवशाचा उपाय. गोळ्यांनी काही लहान खडे विरघळतात, पण सगळ्यांचे नाही, आणि दिवस फार लागतात. पिशवी काढण्याचे पहिले ऑपरेशन बर्लिनला १८८२ साली झाले. पूर्वी बरगडीखाली वीतभर चीर पडायची आणि माणूस आठवडेच्या आठवडे अंथरुणावर. आता तीन चार लहान छिद्रे पाडून दुर्बिणीने काढतात. आपल्या देशात ही पद्धत १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी सुरू केली.

आक्काने मला विचारले होते, "पिशवीच काढल्यावर मी जेवू कशी?" पित्तरस यकृत करते, पिशवी फक्त साठवते. टाकी काढली तरी विहीर राहते. रस थोडा थोडा सरळ आतड्यात उतरतो. सुरुवातीला काहींना पातळ शौचास होते, पुढे ठीक होते.

पैशाचे म्हणाल तर आधी सरकारी दवाखान्यात जा. बारामतीला उपजिल्हा रुग्णालय आहे, आणि २०१९ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर न्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा आरोग्यमित्र दवाखान्यात बसतो, त्याला आपले ऑपरेशन योजनेत बसते का ते विचारा. आता तुम्हाला वाचता येते. कुठल्याही कागदावर अंगठा लावू नका, वाचा आणि सही करा.

ऑपरेशननंतर व्यायाम पुन्हा कामाला येतो. आक्काला दुसऱ्याच दिवशी नर्सबाईंनी धरून चालवले. निजून राहिले तर पायात रक्त गोठते, छातीत कफ साठतो. पण हंडा, पाटी, पोते उचलायचे नाही, डॉक्टर सांगतील तोपर्यंत. आक्का आठव्या दिवशी गुपचूप पाण्याची घागर उचलायला गेली. सुनेने हातातून काढून घेतली आणि मला फोन केला, "मामा, तुमच्या बहिणीला तुम्हीच सांगा." मी म्हणालो, "मी आता काही सांगत नाही बाई, डॉक्टरला विचार."

पुढच्या आषाढात डॉक्टरांनी परवानगी दिली आणि आक्का सणसरहून बेलवाडीच्या रिंगणापर्यंत पालखीबरोबर चालली. मी बरोबर होतो. दम मला लागला, तिला नाही.

आता ज्या तीन चार जणांना मी तो अंगणातल्या फेऱ्यांचा इलाज सांगितला होता, त्यांनी सभा संपल्यावर जरा मागे थांबा. कुणाला पुन्हा कळ आली होती का ते मला विचारायचे आहे.